सहा आणि सातच्या मधे

दिग्रस,
२ डिसेंबर २०२४

बादलभिया,

जय सेवालाल. पत्र पाहून दचकू नकोस, याडी ठणठणीत आहे. काल तिनं पोटभर भाकरी खाल्ली आणि मला पोटभर शिव्या दिल्या, आईच ती.

फोन सोडून पत्र का लिहिते, ते तुला ठाऊक आहे. फोनवर आपण बोलत नाही, भांडतो. मी 'जिनिंग' म्हटलं की तू 'सोडून दे' म्हणतोस, मी 'का' विचारलं की तू फोन कापतोस. कागद तुला कापता येणार नाही. फाडशील फार तर, पण वाचून झाल्यावर फाडशील. शिवाय सोबत एक नकाशा आहे आणि तो तोंडी सांगण्यातला नाही. रहमतचाचा ट्रकमधे रुईच्या गाठी घेऊन हैदराबादकडे निघालेत. पांढरकवड्यात तुझ्या ट्रक-वायरिंगच्या दुकानासमोर चहाला थांबतातच, म्हणून त्यांच्याच हाती देते.

तर ऐक. तुझ्या वेळी प्रत्येक मशीनला आपापला खटका होता. आता तसं नाही. तीन वर्षांपूर्वी शेठनं बाहेरच्या एका कंपनीकडून नवं पॅनल बसवून घेतलं. प्रत्येक मशीनच्या पायाशी एक डबी आहे आणि डबीत एक मॉड्यूल. मशीन फिरते आहे की थांबली, झाकण लागलं आहे की उघडं, ही खबर ते मॉड्यूल घेतं. सगळ्या डब्या एकाच तारेवर आहेत. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी ती तार ऑफिसजवळच्या मोठ्या पॅनलपासून थेट शेवटच्या मशीनपर्यंत जाते. पॅनलला एका जरी मशीनची खबर मिळाली नाही, तरी ते सगळी लाइन थांबवतं. हे बरोबरच आहे. डोळे बांधून गाडी हाकण्यापेक्षा उभी केलेली बरी.

पण दिवाळीपासून माझा जीव खाल्लाय या तारेनं. सात ते बारा नंबरच्या मशिनी अधूनमधून एकदम मुक्या होतात. स्क्रीनवर लाल अक्षरं येतात, 'संपर्क तुटला'. लाइन थांबते, कापूस तुंबतो, गाठी दाबणारे प्रेसवाले तंबाखू मळत बसतात आणि शेठ माझ्या दारात येऊन उभे राहतात. मग थोड्या वेळानं सहाही मशिनी आपणहून बोलायला लागतात, जणू काही झालंच नाही. मी मॉड्यूल बदलली, कनेक्टर बदलले, तारेच्या शेवटच्या टोकाला बसवायची गुटली बदलली. मीटर लावावं तर तार शंभर नंबरी. शाळेत साहेब आले की पोरं कशी हाताची घडी घालून बसतात, तशी वागते मेली.

सहाच्या सहा एकदम जातात, म्हणजे दोष सहा आणि सातच्या मधेच असणार. कंपनीच्या कागदावर तिथं तार अखंड दाखवली आहे, जमिनीतल्या पाइपातून; त्यावरूनच मी हा नकाशा काढला. घनश्यामभाऊ फिटरही तेच सांगतात. "म्याडम, सहा झाला का सात. मधात काहीच नाही. कायले जीव काढून राह्यल्या?"

आता तुझं काम. तो पाइप जुना आहे, तू आणि घनश्यामभाऊंनीच टाकलेला, असं ऐकते. तो सरळ जातो की कुठे वळतो? मधे कुठे वर निघतो का? एवढंच सांग.

बाकी जिनिंग तुला माहीत आहे तसंच. शेडच्या मधोमध एक जुनी मशीन ताडपत्रीत झाकून ठेवली आहे. दसऱ्याला तिला हळदकुंकू, नारळ, सगळं. मी विचारलं तर घनश्यामभाऊ म्हणाले, "थे देवाची हाये." आता मीही येता-जाता हात जोडते. निदान तिनं तरी ऐकावं.

तुझी,
वर्षा


पांढरकवडा,
५ डिसेंबर

वर्षा,

डाव्या हाताचं अक्षर आहे, हसू नकोस. सहा वर्षं झाली तरी 'क्ष' अजून जमत नाही.

नकाशा पाहिला. चांगला काढला आहेस.

पाइपचं आता आठवत नाही. उंदरांनी तार कुरतडली असेल. सरकी तिथे उंदीर, त्यात नवीन काय? मांजर पाळा एखादी.

माझं म्हणणं तेच आहे. यवतमाळला एमआयडीसीत बघ. तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीला कुठेही काम मिळेल, तीच जिनिंग काय म्हणून धरून बसली आहेस? तू ऐकणार नाहीस, तर निदान शेडमधे जाताना ओढणी ऑफिसात ठेवत जा. केस बांधत जा. लाइट गेलेली असली तरी रोलरजवळ हात नेऊ नकोस. गेलेली असली तर मुळीच नेऊ नकोस.

घनश्यामला माझा नमस्कार सांगू नकोस.

बादल


दिग्रस,
८ डिसेंबर

भिया,

याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. मी विचारलं पाइपचं, तू सांगतोस ओढणीचं. उंदीर! तुला काय वाटतं, मी उंदीर पाहिले नसतील? दोन्ही टोकांकडून तार तपासली. एक दात लागलेला नाही. आणि मांजर आहे आपल्याकडे, गंजीवर झोपते दिवसभर, तिचाच पगार बंद करायला पाहिजे.

पाइपाची माहिती तुझ्याकडून मिळाली नाही, म्हणून स्वतःच खटपट केली. एक गोष्ट ध्यानात आली. रुई फार कोरडी असली की आम्ही कापसावर बारीक धुकं सोडणारा पंखा लावतो. तो चालू असला की संपर्क जास्त तुटतो. मी म्हटलं, सापडला चोर! या पंख्याची मोटर तारेत गडबड करते आहे. दोन दिवस त्या पंख्याच्या मागे लागले. मोटरची तार वेगळी केली, तिला वेगळी अर्थिंग दिली. फरक शून्य. मग ठरवलं, सहा ते सात ही तारच बदलून टाकू, जुनी ओढून काढायची आणि तिच्याच मागे नवी घालायची. सातकडून मी आणि दोन जणांनी मिळून ओढली. इंचभर हलली नाही. सहाकडून ओढली, तिकडूनही नाही. जमिनीनं गिळून धरली आहे जशी. मग शेठना म्हटलं, तात्पुरती वरून तार टाकू द्या. ते म्हणाले, "कापसाच्या गंजीवरून तार? आग लागली तं तुमी इझवाल काय?" त्यांचंही खोटं नाही.

काल मात्र त्यांनी कळस केला. सगळ्यांसमोर म्हणाले, "थे तुमचं संपर्क-बिंपर्क मले समजत नाही. खबर आली नाही तरी लाइन चालली पाह्यजे, असं करून टाका ना. व्हते का नाही व्हत?" मी म्हटलं, होतं, पण करू नये. तर म्हणाले, "म्हंजे व्हते! मंग म्या तुमाले शोभेसाठी ठेवलं काय?" सोळा तारखेच्या सोमवारपर्यंत मुदत आहे. तोवर लाइन न थांबता चालली पाहिजे, नाहीतर चाव्या टेबलावर ठेवून घरी जायचं.

भिया, तांड्यावरची पोरगी मेंटेनन्सच्या खुर्चीवर बसली आहे, यावर अर्ध्या दिग्रसचा अजून विश्वास नाही आणि उरलेल्या अर्ध्याला त्याचा राग आहे. मी चाव्या ठेवल्या की दोन्ही अर्धे खूष. मला रडू येतं ते याचं. रडत नाही, पण येतं.

म्हणून शेठ म्हणतात तो बदल मी लॅपटॉपवर करून ठेवला आहे. संपर्क तुटला तर पॅनल दुर्लक्ष करील आणि मशिनी चालू राहतील. एक बटण दाबलं की झालं. सहाच मशिनी, त्याही थोडा वेळच दिसणार नाहीत. तेवढ्यात काय होणार आहे?

आणि हो, तू नको म्हणालास तरी मी घनश्यामभाऊंना तुझा नमस्कार सांगितला. त्यांनी पाना खाली ठेवला आणि बाहेर निघून गेले. तुमचं काय बिनसलं आहे ते तुम्ही दोघं जाणा. पण मला का त्याचा त्रास? तुला पाइपाचं आठवत नाही, त्यांना मधे काही दिसत नाही. ज्या ठिकाणी माझ्या घरच्या माणसानं बारा वर्षं काम केलं, तिथं मला एकही जण सरळ सांगत नाही.

वर्षा


पांढरकवडा,
११ डिसेंबर

वर्षा,

ते बटण दाबू नकोस.

तीन वेळा फोन लावला, तू उचलला नाहीस. रागावली असशील. राग बरोबर आहे, पण बटण दाबू नकोस. दाबलं असशील तर हे वाचून होताच आधी ते बंद कर, मग पुढचं वाच.

तू विचारतेस, तेवढ्यात काय होणार आहे. ऐक.

तुम्हाला घरी मी एवढंच सांगितलं होतं, जिनिंगमधे हात सापडला. कसा, ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. तू तेव्हा यवतमाळला होस्टेलवर होतीस. दुपारची वेळ होती. लोडशेडिंगमुळे सगळी शेड बंद. माझ्या मशीनच्या रोलरमधे कापूस अडकला होता, तो काढत होतो. खटका चालूच होता. माझाच नाही, सगळ्यांचेच. तशी रीत होती आपल्याकडे. लाइट आली की सगळ्या मशिनी आपणहून सुरू व्हाव्यात, खटके दाबत फिरण्यात वेळ जाऊ नये, म्हणून खटका कुणी बंद करायचाच नाही. शेठ खूष, आम्ही खूष. वर्षानुवर्षं चाललं तसं.

आणि लाइट आली.

मशीनला माणूस दिसत नाही, वर्षा. जिथून ती सुरू होते तिथंही कुणाला दिसला नाही, कारण तिथं कुणी नव्हतंच. तू आता पुन्हा तेच करायला निघाली आहेस. सहा मशिनी फिरत राहतील आणि तुझ्या पॅनलला त्यांचं झाकण उघडं आहे की बंद, कुणाचा हात आत आहे की बाहेर, काही कळणार नाही. तू सगळं जाणतेस म्हणून लिहितो. शेठला माफ करीन, तुला नाही करणार. नोकरी गेली तर जाऊ दे. इकडे ये, माझ्याबरोबर ट्रकचे दिवे लाव.

आता तुझ्या नकाशाचं. मी लिहिलं, चांगला काढला आहेस. चहा गार होईपर्यंत तो कागद समोर धरून बसलो होतो. त्यात बारा मशिनी आहेत. आपल्या जिनिंगमधे तेरा आहेत.

तू जिला हात जोडतेस ती देवाची नाही. ती माझी आहे. सात नंबर.

मी दवाखान्यात होतो तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं, या मशीनला हात लावायचा नाही आणि तिला मोजायचंही नाही. रक्त सांडलेल्या मशीनला गिनतीत धरलं तर ती पुन्हा माणूस मागते, असं जुनी माणसं म्हणतात. घनश्यामनं स्वतः पुढच्या मशिनींवरचे आकडे खरवडले. आठची सात झाली, नऊची आठ, शेवटची तेरा होती ती बारा झाली. मी बरा होऊन हिशेब घ्यायला गेलो, तेव्हा पाहिलं. माझ्या मशीनवर ताडपत्री आणि माझा आकडा भलत्याच मशीनवर. मला वाटलं, हिच्यासारखं मलाही पुसून टाकलं. बारा वर्षं मी तिथं नव्हतोच जसा. तेव्हापासून मी घनश्यामशी बोललो नाही. तुला जिनिंग सोड म्हणत होतो ते यासाठी. रोज तू तिच्या बाजूनं जातेस, हे मला सहन होत नव्हतं.

पाइप मला चांगला आठवतो. तो तेराही मशिनींच्या पायाशी वर निघतो. सहाच्या नंतर माझ्या मशीनशी निघतो, मग आता जिला सात म्हणतात तिच्याशी. दोन्हीकडून ओढूनही तार हलत नाही, म्हणजे मधे कुणीतरी तिला गाठ मारली आहे. कुठे, ते मी सांगायला नको.

ताडपत्री काढ. घनश्यामला सांग, बादलनं सांगितलं.

भिया


दिग्रस,
१७ डिसेंबर

भिया,

बटण दाबलं नव्हतं. बोट दोनदा नेलं होतं, खोटं कशाला बोलू. तुझं पत्र शुक्रवारी आलं. वाचून मी ऑफिसात बसून रडले आणि या वेळी खरंच रडले. तुझ्यासाठी रडले आणि तुझ्यावरच्या रागानंही. सहा वर्षं, भिया! आणि मी रोज तुझ्याच मशीनला नमस्कार करून म्हणत होते, माझी तार बरी कर.

रविवारी लाइन बंद असते. घनश्यामभाऊंना बोलावून म्हटलं, ताडपत्री काढायची आहे. ते मागे सरले. "थे नको म्याडम. दुसरं काई बी सांगा." मी म्हटलं, बादलभियानं सांगितलं आहे. मग ते तिथंच सरकीच्या पोत्यावर बसले. "तुमी त्याच्या बहीन म्हनून तं कोनी सांगितलं नाही तुमाले," म्हणाले. "तुमाले दुःख व्हईल म्हनून. आमाले वाटलं, तुमाले ठाऊक नाही थे बरंच हाये." मग उठले, चपला काढल्या आणि स्वतःच्या हातानं दोऱ्या सोडल्या.

पायाशी डबी होती. भिया, डबी होती! पॅनलवाल्या कंपनीची माणसं आली तेव्हा त्यांनी तेराही मशिनींना डब्या लावल्या होत्या. घनश्यामभाऊ सांगतात, हिच्यात मॉड्यूल बसवायला गेले, तर आपल्या लोकांनी अडवलं, "हे गिनू नका." मग त्यांनी काय केलं असेल? तारेची दोन टोकं पिळून एकत्र केली, वर टेप गुंडाळला, झाकण लावलं आणि कागदावर बारा मशिनी काढून निघून गेले. टेप कधीच सुटला होता. डबीत रुईचा बोळा भरला होता आणि तांबं हिरवं पडलं होतं. पंखा धुकं सोडायचा, बोळा ओला व्हायचा आणि संपर्क तुटायचा. लाइन थांबली की पंखाही थांबायचा, बोळा सुकायचा, मी मीटर घेऊन पोचेपर्यंत तार पुन्हा शहाणी. आणि मी तिकडे मोटरची अर्थिंग करते आहे! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. इतका संताप आला की तो बोळा मी आधी पायाखाली घेतला, मग मॉड्यूल आणायला गेले.

हो, मॉड्यूलच. नुसती तार जोडून डबी बंद करता आली असती, घनश्यामभाऊंनाही तेच हवं होतं. मी ऐकलं नाही. तुझी मशीन काही फिरणार नाही, तिला फिरवायचंही नाही. पण तिची खबर आता पॅनलला जाते. एकच खबर, 'बंद आहे'. ती आल्याशिवाय बाकीच्या सुरू होत नाहीत. काल सकाळी स्क्रीन लावली तेव्हा तेरा हिरवे दिवे आले. माझ्या मागे अर्धी शेड गोळा झाली होती.

काल सोमवार होता. दिवसभर पंखा लावून लाइन चालवली, एकदाही थांबली नाही. शेठ आले, स्क्रीनकडे पाहत राहिले. मग म्हणतात, "चांगलं झालं. पन थे तुमचं बटन बी राहू द्या, पुढं कामात येईल." मी लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला आणि तो बदल पुसून टाकला. "लय जिद्दी हाय तुमी," म्हणाले. मी म्हटलं, घरचीच खोड आहे. चाव्या माझ्याकडेच आहेत.

आता एक काम उरलं. आकडे. तुझी सात ही पुन्हा सात व्हायला हवी आणि पुढच्या सगळ्या एकेक सरकून शेवटची तेरा. घनश्यामभाऊंनी बाजारातून पिवळा रंग आणला आहे. जुने आकडे खरवडून ठेवले. पण रंगाचा डबा उघडत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "म्या पुसला थो आकडा, म्याच कसा लिहू? त्याले पुसाले नव्हता पुसला, म्याडम. आमाले पाहवत नव्हतं म्हनून पुसला. सांगा त्याले." म्हणून सांगते.

तेरा मशिनी बिनआकड्याच्या उभ्या आहेत. कामगार 'तिकडली', 'पलीकडली' असं म्हणत काम रेटतात आणि माझं डोकं पुन्हा फिरायच्या बेतात आहे.

वर्षा


पांढरकवडा,
१९ डिसेंबर

वर्षा,

फोनच करणार होतो, पण आवाजाचा भरवसा वाटला नाही. हे पत्र एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतो.

रहमतचाचा शनिवारी रिकामा ट्रक घेऊन दिग्रसला येतात. त्यांच्याबरोबर निघतो. याडीला सांग, भाकरी दोनच टाक, शिव्या वाटेल तेवढ्या घाल.

आणि घनश्यामला सांग, ब्रश रुंद आण. डाव्या हातानं लिहायचं आहे.

बादल